तक्रार कोणाच्या दारी? राखीव दले, लैंगिक अत्याचार आणि खानदेशातून दिसणारा दोनशे वर्षांचा प्रश्न

१/ जळगाव किंवा धुळ्यात गणेश विसर्जनाच्या रात्री दोर धरून उभी असलेली होमगार्ड स्त्री नोकरीने पोलीस नसते. बंदोबस्त संपला की ती शेतावर, शिलाई यंत्रावर किंवा दुकानाच्या गल्ल्यावर परतते. वर्षातील काही दिवस गणवेश, उरलेले दिवस साधे नागरिकत्व. अशा स्त्रीवर तिच्याच पथकातील वरिष्ठाने लैंगिक अत्याचार केला, तर तिने कोणाचे दार ठोठवायचे?

२/ प्रश्न आजचा वाटतो, पण तो जुना आहे. राखीव आणि साहाय्यक दलांची वर्दी चढते आणि उतरते. तिच्याविरुद्धची तक्रार मात्र बहुधा वर्दीच्याच टेबलावर येऊन पडते. या थ्रेडचे म्हणणे एवढेच: ज्या तुकडीचा माणूस आरोपी आहे, त्या तुकडीच्या हाती तक्रारीचे भवितव्य असू नये. ही भावनेची मागणी नव्हे. इतिहासाने पुन्हा पुन्हा काढून दाखवलेला हा निष्कर्ष आहे.

३/ आधी ‘राखीव’ म्हणजे कोण, ते पाहू. पहिले प्रादेशिक सेना: १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली, इतर वेळी आपापला व्यवसाय करणाऱ्या नागरिकांची सेना. दुसरे राज्य राखीव पोलीस दल: मुंबई राज्याच्या १९५१ च्या कायद्याचे अपत्य, त्याचा गट क्रमांक ६ धुळ्यात आहे. हे पूर्णवेळ दल. ‘राखीव’ म्हणजे गरज पडेल तिथे धाडण्यासाठी राखून ठेवलेले. तिसरे होमगार्ड: डिसेंबर १९४६ मध्ये मुंबईत मोरारजी देसाई यांच्या पुढाकाराने सुरू झालेले, १९४७ च्या कायद्याने बांधलेले स्वयंसेवी दल.

४/ तिन्हींचे कायदे वेगळे, शिस्त वेगळी. एक गोष्ट समान: तुकडी लहान, माणसे एकमेकांना ओळखणारी, आणि पुढचे बोलावणे, पुढची नेमणूक, पुढचा शेरा वरिष्ठाच्या हाती. नियमित सैन्यात तक्रार करणारीला निदान नोकरीचा आधार असतो. होमगार्ड स्त्रीला पुढच्या बंदोबस्तासाठी बोलावलेच नाही, तर तिला कोणी ‘शिक्षा’ केली असे कागदावर कुठेच दिसत नाही.

५/ आता दोनशे वर्षे मागे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यात आला. सातपुडा आणि सातमाळ्याच्या डोंगरांतील भिल्लांना केवळ फौजेच्या बळावर नमवता येत नाही, हे काही वर्षांतच सरकारच्या ध्यानात आले. म्हणून १८२५ मध्ये लेफ्टनंट जेम्स औट्रम याने आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगाव येथे ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभी केली: भिल्ल तरुणांना गणवेश, पगार आणि बंदूक देणारी अनियमित पलटण.

६/ शालेय इतिहासात ही गोष्ट बहुधा ‘सुधारणे’ची कथा म्हणून सांगितली जाते. तिची दुसरी बाजू रचनेत आहे. त्याच योजनेत लष्करी अधिकाऱ्यांनाच ‘भिल्ल एजंट’ नेमण्यात आले. वस्त्या बसवणे, तगाई देणे, फरारी पकडणे, किरकोळ तंटे मिटवणे ही सारी कामे वर्दीतल्याच माणसांकडे गेली. डोंगरातल्या पाड्यावरील स्त्रीसाठी सरकार म्हणजे हीच वर्दी, आणि गाऱ्हाणे ऐकणाराही तिच्यातलाच.

७/ येथे भिल्ल कोअरच्या एखाद्या शिपायावर आरोप ठेवण्याचा हेतू नाही. मुद्दा रचनेचा आहे. जो माणूस दलाची शिस्त राखतो, दलाची कीर्ती सांभाळतो आणि बढतीसाठी त्याच कीर्तीवर अवलंबून असतो, तोच माणूस त्या दलाविरुद्धची तक्रार ऐकतो. वसाहतीच्या सीमाभागांत ही व्यवस्था सोयीची होती. सोय राज्यकर्त्यांची होती.

८/ कायद्याचे पुस्तकही स्त्रीच्या बाजूचे नव्हते. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम १५५(४) अन्वये बलात्काराची तक्रार करणारी स्त्री ‘सर्वसाधारणपणे अनैतिक चारित्र्याची’ आहे असे दाखवून तिची साक्ष कमकुवत करता येत असे. आरोपीच्या चारित्र्याची अशी उलटतपासणी होत नसे. हे पोटकलम काढून टाकायला स्वतंत्र भारतालाही २००२ चा दुरुस्ती कायदा यावा लागला. म्हणजे एकशे तीस वर्षे.

९/ आरोपी युरोपीय असेल तर आणखी एक भिंत होती. रेल्वेबरोबर युरोपीय आणि अँग्लो-इंडियन नोकरांच्या स्वयंसेवक पलटणी देशभर उभ्या राहिल्या. राखीव सैन्याचाच तो एक अवतार. अशा युरोपीय ब्रिटिश प्रजाजनावर जिल्ह्याच्या गावी भारतीय न्यायाधीशाने खटला चालवावा का, यावरूनच १८८३ मध्ये इल्बर्ट विधेयकाचे वादळ उठले. शेवटी तडजोड झाली आणि निम्मे ज्युरी युरोपीय किंवा अमेरिकन असावेत, अशी मागणी करण्याचा हक्क त्यांना मिळाला.

१०/ त्या वादळातील एक युक्तिवाद लक्षात ठेवण्याजोगा आहे: ‘आमच्या माणसाला आमचेच लोक समजू शकतात.’ तो तेव्हा वंशाच्या नावाने केला गेला. आज तोच युक्तिवाद पलटणीच्या नावाने केला जातो: सैनिकाला सैनिकच समजू शकतो. शब्द बदलले. तक्रारदार स्त्रीला कोण समजणार, हा प्रश्न दोन्ही वेळा अनुत्तरितच राहिला.

११/ ‘आपली माणसे’ एकवटली की काय होते, ते १८९९ मध्ये ब्रह्मदेशात दिसले. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. रंगूनमध्ये रॉयल वेस्ट केंट रेजिमेंटच्या सैनिकांनी एका ब्रह्मी स्त्रीवर सामूहिक बलात्कार केला. रेजिमेंटने प्रकरण दडपण्याचा प्रयत्न केला, स्थानिक अधिकाऱ्यांनी कानाडोळा केला, आणि खटल्यात आरोपी सुटला.

१२/ नवा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन संतापला. अधिकाऱ्यांवर ठपका आला आणि अख्ख्या रेजिमेंटची रवानगी एडनच्या उन्हात झाली. साम्राज्यवादी कर्झनकडून ही अपेक्षा कोणालाच नव्हती. सैन्यातील अनेकांनी त्याला त्याबद्दल कधी क्षमा केली नाही. पण हिशेब नीट मांडला पाहिजे. पलटणीला शिक्षा झाली, गुन्ह्याला झाली नाही. त्या स्त्रीच्या वाट्याला न्यायालयाचा निकाल आलाच नाही. आला तो एका पलटणीच्या बदलीचा हुकूम.

१३/ रंगूनचे उदाहरण म्हणूनच महत्त्वाचे. ‘वरिष्ठ चांगला असेल तर न्याय मिळेल’ या भाबड्या समजुतीची ती मर्यादा आहे. कर्झनपेक्षा वरिष्ठ हिंदुस्थानात कोणी नव्हता. तरीही पहिल्या काही दिवसांत तुकडीने जे दडवले, ते त्याला परत मिळवता आले नाही. अशा गुन्ह्यात पुरावा वेळेवर गोळा झाला तरच टिकतो. तो वेळ ज्याच्या ताब्यात, त्याच्याच ताब्यात निकाल.

१४/ स्वातंत्र्य आले आणि पुन्हा खानदेशाकडे यावे लागते. १९७० च्या दशकाच्या आरंभी तत्कालीन धुळे जिल्ह्यातील शहादा तालुक्यात बागायतदारांच्या ‘पीक संरक्षण सोसायट्या’ होत्या. पगारी रखवालदार, हातात काठ्या, काम पिकांची राखण. हे सरकारी दल नव्हते. पण भिल्ल मजुरांसाठी ते गावातील सशस्त्र सत्ताच होते. मारहाण आणि स्त्रियांवरील अत्याचार यांच्या तक्रारी या रखवालदारांविरुद्ध होत राहिल्या.

१५/ त्या असंतोषातून अंबरसिंग सुरतवंती यांचे नेतृत्व उभे राहिले आणि १९७२ मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. आदिवासी स्त्रिया मोर्चात पुढे आल्या, दारूचे गुत्ते फोडू लागल्या, नवऱ्याच्या मारहाणीविरुद्धही बोलू लागल्या. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या चळवळीवर लिहिले, म्हणून शहाद्याचे नाव जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोहोचले.

१६/ शहाद्याने एक धडा दिला. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याकडेच तक्रार नेण्याची सक्ती लोकांनी तिथे झुगारली. स्त्री एकटी चौकीवर गेली नाही. वस्ती तिच्याबरोबर गेली. कायद्याने जे दार बांधले नव्हते, ते लोकांनी आपल्या संख्येच्या बळावर उघडले. पण न्याय मिळण्यासाठी दर वेळी शे-दोनशे माणसांचा जमाव लागावा, ही कायद्याची शोभा नव्हे.

१७/ जमाव लागला याचा सर्वात बोलका दाखला त्याच वर्षीचा आहे, विदर्भातला. २६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर, आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजचे पोलीस ठाणे. भावाच्या तक्रारीवरून जबाब देण्यासाठी आणलेल्या एका आदिवासी मुलीला, बाकीच्यांना बाहेर पाठवून, ठाण्यात थांबवून घेण्यात आले. दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप तिने केला. हेच ‘मथुरा प्रकरण’.

१८/ हे शिपाई राखीव दलाचे नव्हते, नियमित पोलीस होते. ही गोष्ट स्पष्ट असू द्यावी. तरीही वर्दीविरुद्धच्या तक्रारीचा भारतीय इतिहास या ठाण्याला वळसा घालून लिहिता येत नाही. गुन्ह्याची जागा पोलीस ठाणे आणि तक्रार नोंदवण्याची जागाही तेच ठाणे. बाहेर लोक जमले, ठाणे जाळण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा हेड कॉन्स्टेबलला बोलावून आणण्यात आले आणि तिचा जबाब नोंदवला गेला.

१९/ पुढचा प्रवास सर्वश्रुत आहे. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले. १९७६ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले आणि म्हटले की भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सुटका केली. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा झाला नाही, म्हणजे प्रतिकार नव्हता, असा तर्क.

२०/ या निकालाविरुद्ध १६ सप्टेंबर १९७९ रोजी कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. यातील शेवटचे नाव खानदेशाने विसरू नये. धागमवार यांनी तत्कालीन धुळे जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत आदिवासींच्या जमीनहक्कांसाठी काम केले. सातपुड्यात सरकारी कागद आणि माणसाचे जगणे यांतील अंतर त्यांनी जवळून पाहिले होते.

२१/ त्या पत्राचा गाभा साधा होता: जिच्यासमोर सत्ता गणवेश घालून उभी आहे, तिच्या मौनाचा अर्थ न्यायालयाने कसा लावावा? देशभर स्त्री संघटना रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये फौजदारी कायदा बदलला. ताब्यातील बलात्कारासाठी किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली, बंद दाराआडची सुनावणी आली, पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरले. पुरावा कायद्यात ११४-अ कलम आले: अशा प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने ‘संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालय संमती नव्हती असेच गृहीत धरील.

२२/ मात्र १९८३ च्या यादीत पोलीस, लोकसेवक, तुरुंग आणि रुग्णालयाचे कर्मचारी होते. सशस्त्र दलांचा वेगळा उल्लेख नव्हता. तो यायला आणखी तीस वर्षे गेली. दिल्लीतील डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये अहवाल दिला आणि सशस्त्र दलांकडून होणारा लैंगिक अत्याचार साध्या फौजदारी कायद्याच्या कक्षेत आणा, अशी शिफारस केली.

२३/ २०१३ च्या दुरुस्तीत, एखाद्या भागात तैनात असताना तिथे बलात्कार करणाऱ्या सशस्त्र दलाच्या सदस्याला कठोर शिक्षेच्या यादीत घातले गेले. राखीव दलांच्या दृष्टीने त्याखालचे स्पष्टीकरण सर्वात मोलाचे आहे: ‘सशस्त्र दले’ म्हणजे भूदल, नौदल, हवाई दल, शिवाय निमलष्करी दले आणि केंद्र वा राज्य सरकारच्या नियंत्रणाखालील साहाय्यक दलेसुद्धा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६४ मध्ये ही तरतूद कायम आहे.

२४/ म्हणजे ‘आम्ही पूर्ण सैन्य नाही’ ही पळवाट कायद्याने बुजवली. त्याच २०१३ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी केल्या. बलात्काराची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला कैदेची शिक्षा ठेवली. आणि लोकसेवकावर अशा गुन्ह्याचा खटला भरण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत लागणारी सरकारची पूर्वपरवानगी काढून टाकली. सशस्त्र दले विशेषाधिकार कायदा जिथे लागू आहे, तिथली परवानगीची अट मात्र राहिली. वर्मा समितीची ती सूचना संसदेने स्वीकारली नाही.

२५/ आता प्रादेशिक सेनेकडे पाहू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. तिच्या जवानाला सेवेसाठी बोलावले, तैनात केले किंवा नियमित सैन्याशी जोडले, तेवढ्या काळात त्याला १९५० चा सेना कायदा लागू होतो. घरी परतला की तो साधा नागरिक. आणि सेना कायद्याचे कलम ७० सांगते की लष्करी कायद्याखाली नसलेल्या व्यक्तीवर बलात्कार झाला, तर कोर्ट मार्शल नव्हे, साधे फौजदारी न्यायालयच खटला चालवील. हे तत्त्व उत्तम आहे.

२६/ अपवाद तीन: सक्रिय सेवेवर असताना, भारताबाहेर, किंवा सरकारने अधिसूचित केलेल्या सीमावर्ती ठाण्यावर. शिवाय एक न लिहिलेला चौथा अपवाद आहे: पीडित स्त्री स्वतःच लष्करी कायद्याखाली असेल, तर कलम ७० चे संरक्षण तिला मिळत नाही. तेव्हा कोर्ट मार्शल की न्यायालय, हे ठरवण्याचा पहिला अधिकार कलम १२५ ने आरोपी ज्या सैन्यविभागात सेवा करतो त्याच्या सेनाधिकाऱ्याला दिला आहे. न्यायालयाने हरकत घेतली, तर शेवटचा शब्द केंद्र सरकारचा.

२७/ हा चौथा अपवाद पूर्वी प्रादेशिक सेनेत जवळजवळ कागदापुरता होता, कारण तिच्या तुकड्यांचे दार स्त्रियांना बहुतांशी बंदच होते. जानेवारी २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्णय दिला की प्रादेशिक सेना कायद्यातील ‘कोणतीही व्यक्ती’ या शब्दांत स्त्रियाही येतात. दार उघडले हे योग्यच झाले. पण आत येणाऱ्या स्त्रीसाठी तक्रारीचे दार कुठे आहे, याचा विचार तितक्याच तत्परतेने व्हायला हवा.

२८/ एक काल्पनिक उदाहरण घ्या. प्रशिक्षण शिबिराच्या शेवटच्या रात्री एका जवान स्त्रीवर सहकाऱ्याने अत्याचार केला. दोघेही सेवेत असल्याने प्रकरण सेनाधिकाऱ्याच्या निवडीवर. तोच अत्याचार तिची सेवा संपून ती नागरिक झाल्यावर दुसऱ्या दिवशी झाला, तर प्रकरण थेट न्यायालयात. जखम तीच, माणूस तोच, गुन्हा तोच. बदलली ती फक्त हजेरीपटावरची तारीख.

२९/ न्यायाची जागा हजेरीपटाने ठरावी, ही राखीव दलांची खास विसंगती आहे. अमेरिकेतील नॅशनल गार्ड हे त्याचे जिवंत उदाहरण. राज्याच्या अखत्यारीत असताना तिथल्या जवानाला केंद्रीय लष्करी कायदा लागू होत नाही, आणि प्रत्येक राज्याचे नियम निराळे. विस्कॉन्सिन राज्याच्या गार्डने लैंगिक अत्याचाराच्या तक्रारींची चौकशी बाहेर न पाठवता अंतर्गत अधिकाऱ्यांकडूनच केली. २०१९ मध्ये केंद्रीय पाहणीने ही पद्धत नियमबाह्य आणि सदोष ठरवली, आणि त्या गार्डच्या प्रमुखाला पद सोडावे लागले.

३०/ अमेरिकेच्या नियमित सैन्यात डिसेंबर २०२३ पासून अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही, हा निर्णय कमांडरकडून काढून स्वतंत्र लष्करी अभियोक्त्यांकडे देण्यात आला. कॅनडात माजी न्यायाधीश लुईस आर्बर यांनी असे गुन्हे थेट नागरी न्यायव्यवस्थेकडेच द्यावेत, असे सुचवले. दोन्ही देशांनी अनेक दशके ‘आमचे आम्ही पाहून घेऊ’ हा मार्ग वापरून पाहिला होता. तो फसल्याची कबुली म्हणजे हे बदल.

३१/ विरुद्ध बाजूचे म्हणणे दुर्लक्षिण्याजोगे नाही. सेनाधिकारी म्हणतात: शिस्त हा सैन्याचा कणा आहे, बाहेरचा तपास अधिकारी तुकडीचे जीवन जाणत नाही, कोर्ट मार्शल साध्या न्यायालयापेक्षा वेगाने निकाल देते, आणि परदेशी वा युद्धभूमीवर साधे न्यायालय आणायचे कुठून? यातील शेवटचा मुद्दा खरा आहे. युद्धभूमीसाठी वेगळी सोय लागेल, हे मान्य करावेच लागते.

३२/ बाकीचे मुद्दे तपासले तर उलटतात. शिस्त कणा आहे, म्हणूनच ती मोडणाऱ्याचा न्याय शिस्तीच्या रखवालदाराने करू नये. कारण प्रत्येक सिद्ध आरोप हा त्याच्याच कारभारावरचा ठपका असतो. वेग महत्त्वाचा आहे, पण रंगूनमध्ये सर्वात वेगाने झाले ते दडपणे. आणि खोट्या तक्रारीची भीती असेल, तर निर्दोष जवानालाही निःपक्ष बाहेरचा तपासच हवा. तुकडीने दिलेली ‘निर्दोष’ची चिठ्ठी गावात कोणी मानत नाही.

३३/ मग होमगार्ड स्त्रीचे काय? तिच्यासाठी एक बळकट तरतूद आहे आणि तिचा फारसा गवगवा नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दाच्या व्याख्येत स्वेच्छेने, मोबदल्याशिवाय काम करणारी व्यक्तीही येते. म्हणजे ‘तू नोकर नाहीस, मानसेवी आहेस’ असे सांगून तिला परत पाठवता येत नाही. अंतर्गत समितीत बाहेरचा एक सदस्य असणे बंधनकारक आहे. आरोप खुद्द नियोक्त्यावर असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे.

३४/ पण एक बाहेरचा सदस्य पुरेसा नाही. उरलेली समिती त्याच कार्यालयातली, अध्यक्ष स्त्रीसुद्धा त्याच उतरंडीतली. शिवाय तक्रारीला तीन महिन्यांची मुदत, फार तर आणखी तीन. ज्या दलात पुढचे बोलावणेच वर्षभरानंतर येऊ शकते, तिथे ही मुदत स्त्रीने मन घट्ट करण्याआधीच संपते. आणि समिती शिस्तभंगाची शिफारस करते. बलात्काराचा खटला चालवणे हे तिचे काम नव्हे. तो मार्ग पोलीस आणि न्यायालयाचाच.

३५/ म्हणून मागण्या ठोस असाव्यात. पहिली: राखीव वा साहाय्यक दलाच्या सदस्याविरुद्धचा लैंगिक अत्याचाराचा गुन्हा त्या दलाशी नेमणुकीने जोडलेल्या ठाण्यात नव्हे, अन्यत्र तपासला जावा. कोणत्याही ठाण्यात तक्रार नोंदवून ती पुढे पाठवण्याची ‘झिरो एफआयआर’ची तरतूद आज कायद्यात आहेच. धुळ्यातील तक्रार जळगावच्या महिला अधिकाऱ्याने तपासणे अशक्य नाही.

३६/ दुसरी: शांततेच्या काळात देशाच्या भूमीवर घडलेल्या बलात्कारासाठी कलम ७० चे संरक्षण पीडित स्त्री वर्दीत असली तरी तिला मिळावे. न्यायालयाची निवड सेनाधिकाऱ्याकडे राहू नये. तिसरी: होमगार्ड आणि प्रादेशिक सेनेसाठी जिल्हा पातळीवर बाहेरच्या सदस्यांचे बहुमत असलेली समिती असावी, आणि तक्रारीनंतर वर्षभर त्या स्त्रीला बोलावणे का आले नाही, याचा लेखी हिशेब दलाने तिला द्यावा.

३७/ चौथी मागणी इतिहासाच्या विद्यार्थ्यांशी संबंधित आहे. जिल्हा गॅझेटियर, पलटणींचे इतिहास आणि वीरगाथा वाचताना एक प्रश्न सतत विचारावा: येथे तक्रार करणाऱ्याचा आवाज नोंदवण्याची जागा होती का? धरणगावच्या भिल्ल कोअरविषयी बोलताना औट्रमच्या शिकारकथा पुरतात, असे मानू नये. ज्या व्यवस्थेत गाऱ्हाणे लिहून घेणाराच प्रतिवादी असतो, तिच्या दप्तरातील शांततेला शांतता म्हणता येत नाही.

३८/ खानदेशातील मुले-मुली आजही पहाटे मैदानावर भरतीसाठी धावतात. वर्दीची ओढ खरी आहे आणि तिच्यात मान आहे. त्या मानाचा अर्थ एवढाच की, वर्दीला अंगावर घेण्याआधीच प्रत्येक मुलीला तक्रारीचे दार माहीत असावे, आणि ते दार तुकडीच्या फाटकाबाहेर असावे. १८२५ मध्ये ते नव्हते. १९७२ मध्ये ते जमावाने उघडले. आता ते कायद्याने, रोज, न मागता उघडे राहिले पाहिजे.